केळी रावेरची, भाव बऱ्हाणपूरचा

खान्देशात ‘सीसीआय’ म्हटले की डोळ्यांपुढे जिनिंगच्या दारात लागलेली कापसाच्या गाड्यांची रांग येते. ओलावा मोजणारा ग्रेडर येतो, ‘आज खरेदी बंद’ हा निरोपही येतो. ही कॉटन कॉर्पोरेशन. दिल्लीत याच तीन अक्षरांची आणखी एक संस्था आहे, भारतीय स्पर्धा आयोग, म्हणजे कॉम्पिटिशन कमिशन ऑफ इंडिया. २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली बाजारातल्या दांडगाईवर नजर ठेवणे हे तिचे काम. जळगाव-धुळ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चर्चा रंगते तेव्हा या दुसऱ्या सीसीआयचे नाव कोणी काढत नाही. लेखक, कवी, बातमीदार आणि यूट्यूबवर अहिराणी गाणी टाकणारे सगळे एकाच मागणीवर येऊन थांबतात: ‘एआयवाले आमचं लिखाण चोरतात, कॉपीराइट कडक करा.’

मागणी खोटी नाही, पण उथळ आहे. कॉपीराइट माल कोणाचा एवढेच ठरवतो. त्या मालाला गिऱ्हाईक किती, भाव कोण काढतो आणि ‘नाही विकायचा’ म्हणण्याची सोय आहे की नाही, हे बाजाराच्या रचनेवर ठरते आणि ती रचना स्पर्धा कायद्याच्या प्रांतात येते. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे समजावून सांगावे लागत नाही. सातबारा त्याच्या नावावर, घड त्याचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे मालकीला सरकारी शिक्का बसला. भाव मात्र तो बऱ्हाणपूरच्या बाजारातला पाहतो आणि व्यापारी त्याहून कमी देतो म्हणून दरवर्षी ओरड होते. माल नाशवंत, दारात उभ्या असलेल्या ट्रकला परत पाठवणे परवडत नाही. एआयच्या बाजारात खान्देशातल्या लेखकाची गत हीच होणार आहे, आणि नुसता कॉपीराइट कडक केल्याने त्यात फरक पडणार नाही.

१. कडक कुंपण, पण कोणत्या रानाला?

आधी खान्देशाच्या साहित्याची मोजदाद करून पाहावी. भारतात साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला. धरणगावचे बालकवी १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले, त्यांची कविता तर केव्हाच मोकळी झाली. बहिणाबाई चौधरींचे प्रकरण आणखी बोलके आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. लेखकामागे प्रसिद्ध झालेल्या कृतीची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे त्या पुस्तकातल्या कविता २०१३ पासून सर्वांच्या झाल्या.

थोडक्यात, खान्देशची ओळख ज्या शब्दांवर उभी आहे त्यातले बरेचसे शब्द कायद्याने कोणाच्याच मालकीचे नाहीत. कानबाईच्या रोटांच्या वेळी म्हटली जाणारी गाणी आणि जात्यावरच्या ओव्या यांना लेखकच नाही, आणि लोकसाहित्यासाठी भारताच्या कॉपीराइट कायद्यात वेगळी तरतूदही नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जपलेली जुनी कागदपत्रे इतकी जुनी आहेत की तिथे हक्काचा प्रश्नच येत नाही. त्यांची हुबेहूब स्कॅन प्रत काढली म्हणून नवा हक्कही जन्मत नाही. नव्या कृतीत कौशल्य आणि निर्णयबुद्धीचा किमान अंश दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या निकालात सांगून ठेवले आहे.

उरले हयात किंवा अलीकडे गेलेले लेखक. भालचंद्र नेमाडे हयात आहेत. २०२३ मध्ये गेलेल्या ना. धों. महानोरांच्या कवितेवरचा हक्क २०८३ च्या अखेरपर्यंत चालेल. त्यांच्यासाठी कुंपण खरोखर कामाचे आहे. पण एआयला खान्देशी बोली शिकवायची तर नुसती त्यांची पुस्तके पुरणार नाहीत. खरा साठा आहे यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्यांत, स्थानिक दैनिकांच्या जुन्या अंकांत आणि रोजच्या बोलण्यात. २०११ च्या जनगणनेने खान्देशीला, जिच्यात अहिराणी येते, मराठीपासून वेगळे धरून १८ लाखांहून अधिक भाषक मोजले. एवढी माणसे बोलतात, तरी यंत्राला अहिराणी लिहायला सांगितली की ते बहुतेक वेळा प्रमाण मराठीलाच चार ‘शे’ आणि ‘ना’ चिकटवून देते. बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोली, हा भेद तर शिकल्यासवरल्या माणसांनाही नीट सांगता येत नाही, यंत्राला दोष कुठे द्यायचा!

एक गोष्ट मात्र कुंपणवाल्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये लेखकाचे नैतिक हक्क आहेत: कृतीवर नाव असण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा. विटंबनेच्या तक्रारीला पूर्वी ‘हक्काची मुदत संपण्याआधी’ ही अट होती, ती २०१२ च्या दुरुस्तीने गेली. बहिणाबाईंची गाणी यंत्राकरवी मोडूनतोडून कोणी त्यांच्याच नावावर खपवू लागला तर हे कलम वारसांच्या उपयोगी पडू शकते. समाजमाध्यमांवर ‘बहिणाबाई म्हणतात’ असे लिहून फिरणाऱ्या ओळी पाहिल्या की याची निकड पटते. तरीही त्यातून कोणाला चार पैसे मिळत नाहीत. मिळालाच तर मान मिळतो.

२. ‘नाही’ म्हणण्याची किंमत

आता ज्याच्याकडे निर्विवाद हक्क आहे त्याच्याकडे पाहू. जळगाव किंवा धुळ्याचे एखादे दैनिक घ्यावे. गिरणा धरणाचा विसर्ग, केळीवरचा करपा, बाजार समितीतली रस्सीखेच ही बातमी त्याच्याच बातमीदाराने आणलेली असते आणि तिच्या शब्दांवर कॉपीराइट असतो. गूगलच्या शोधपानावर वरच्या चौकटीत आता एआयने तयार केलेले उत्तर येते, भारतात ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. वाचकाला उत्तर तिथेच मिळाले तर तो दैनिकाच्या संकेतस्थळावर जाईलच असे नाही.

कॉपीराइट म्हणतो, मालकाने परवानगी नाकारावी. कशी नाकारणार? गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘गूगल-एक्स्टेंडेड’ नावाची खूण दिली. ती लावली की मजकूर गूगलच्या ‘जेमिनी’ या एआयच्या प्रशिक्षणाला जात नाही. पण शोधपानावरचे एआय-उत्तर नेहमीच्या शोधयंत्राच्या वाटेनेच माल उचलते. ती वाट सरसकट बंद केली तर दैनिक शोधातूनच नाहीसे होते. मजकूर उत्तरात वापरता येऊ नये म्हणून तो झाकायच्या खुणा आहेत, पण त्या लावल्या की शोधपानावर बातमीखालच्या दोन ओळीही जातात आणि वाचकाला ओढून आणणाऱ्या त्याच तर असतात. सातबारा नावावर आहे, पण शेतातून बाहेर पडायचा रस्ता व्यापाऱ्याच्या बांधावरून जातो. कॉपीराइटच्या वकिलाला यात गुन्हा सापडेल की नाही सांगता येत नाही. स्पर्धा कायद्याला हा प्रकार ओळखीचा आहे. कलम ४ च्या भाषेत तो वर्चस्वाचा गैरवापर ठरू शकतो: एका बाजारातल्या ताकदीच्या जोरावर दुसऱ्या बाजारात अटी लादणे.

युरोपात हे नुसते तर्कात राहिलेले नाही. मार्च २०२४ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने गूगलला २५ कोटी युरोंचा दंड केला. प्रकाशकांना न कळवता त्यांच्या बातम्या ‘बार्ड’ या एआय-सेवेसाठी वापरल्या, हे त्यातले एक कारण होते. दंड बसला तो कॉपीराइट मोडल्याबद्दल नव्हे, तर स्पर्धा प्राधिकरणाला दिलेली वचने मोडल्याबद्दल. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने आणखी एक चौकशी उघडली. तिच्या कक्षेत शोधपानावरची एआय-उत्तरे आहेत, तसेच यूट्यूबवरचे व्हिडिओ एआय-प्रशिक्षणासाठी वापरणेही आहे. मोबदला नाही, नकाराची सोय नाही आणि स्पर्धक कंपन्यांना मात्र तो साठा वापरायला बंदी, असा संशय आहे. लाखोंनी पाहिली जाणारी अहिराणी गाणी बनवणाऱ्यांनी ब्रसेल्समधली ही चौकशी आपली समजायला हरकत नाही.

भारतातही सुरुवात झाली होती. डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. मोठ्या मंचांनी काय करू नये हे आधीच सांगून ठेवण्याचा त्याचा विचार होता. तो रेंगाळला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगाने एआय आणि स्पर्धा यांवर अभ्यास-अहवाल काढला. त्यात विदा आणि संगणनशक्ती मोजक्या हातांत एकवटण्याची चिंता आहे, आणि उपाय म्हणून कंपन्यांनी स्वतःच स्वतःचे परीक्षण करावे असा सल्ला आहे. वजनकाट्याची तपासणी व्यापाऱ्यावरच सोपवण्यातला हा प्रकार.

३. आज चोरी झालेला, उद्या दांडगा

एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयवर दावा लावला. आपल्या बातम्या साठवणे, त्यावर यंत्र शिकवणे आणि उत्तरात त्या वापरणे हा हक्कभंग आहे का, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधला ‘न्याय्य वापर’ लागू होतो का आणि सर्व्हर परदेशात असताना भारतीय न्यायालयाला अधिकार आहे का, असे प्रश्न न्यायालयाने पुढे ठेवले. मराठी वाचकाला हा दावा ‘देशी दुर्बल विरुद्ध विदेशी बलाढ्य’ असा दिसतो.

याच एएनआयचे दुसरे चित्र मे २०२५ मध्ये दिसले. वृत्तसंस्थेची काही सेकंदांची दृश्ये वापरल्याबद्दल आपल्या वाहिनीवर हक्कभंगाच्या तक्रारींचे ‘स्ट्राइक’ आले आणि ते काढण्यासाठी लाखो रुपयांचा परवाना घ्यायला सांगितले गेले, असा आरोप मोहक मंगल या यूट्यूबरने जाहीरपणे केला. आपण कायदेशीर हक्कच बजावत आहोत, असे एएनआयचे म्हणणे. प्रकरण बदनामीच्या दाव्यापर्यंत गेले. कोण बरोबर हे न्यायालय पाहील. इथे महत्त्वाचे ते एवढेच की यूट्यूबच्या नियमानुसार ठरावीक काळात तीन स्ट्राइक आले की वाहिनी जाऊ शकते. हक्कभंग खरोखर झाला का हे न्यायालयाने ठरवण्याआधीच माणूस सौद्याला बसतो. कॉपीराइट जितका कडक, तितका हा दट्ट्या जड.

यात खान्देशाजवळचा एक जुना धडा आहे. मालेगाव नाशिक जिल्ह्यात येते, पण धुळ्याहून तासाभराचा रस्ता. तिथे हौशी मंडळींनी हँडीकॅमवर ‘मालेगाव के शोले’ बनवला, मोठ्या सिनेमाचे बिनधास्त विडंबन. त्या जिद्दीवर पुढे माहितीपट झाला आणि २०२५ मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मुंबईचा चित्रपटही चित्रगृहांत आला. भारताच्या कायद्यात विडंबनाला नाव घेऊन सूट दिलेली नाही. आज चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या पोराने एआयच्या मदतीने तसाच उद्योग केला तर स्वयंचलित चाळणीतून तो किती दिवस टिकेल?

एआय वापरून तयार झालेली कृती कोणाची, यावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्येच सोय करून ठेवली आहे: संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. सोय अर्धवट आहे. ‘सूर्यास्त’ नावाच्या चित्रासाठी ‘राघव’ या एआय-प्रणालीला सहलेखक म्हणून नोंदवून कॉपीराइट कार्यालयाने नंतर ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. पण खान्देशातल्या निर्मात्याला रोज भेडसावतो तो मंचाचा नियम. आपले नाव कागदावर लागते की नाही, ही त्याची फार पुढची काळजी.

४. एक देश, एक परवाना, एक एकाधिकार

केंद्राच्या उद्योग-संवर्धन खात्याच्या समितीने ८ डिसेंबर २०२५ रोजी एक मसुदा पुढे ठेवला. एआय कंपन्यांना कायदेशीररीत्या मिळवलेल्या सर्व संरक्षित साहित्यावर यंत्र शिकवण्याचा सक्तीचा परवाना, हक्कधारकाला नकाराचा अधिकार नाही, बदल्यात उत्पन्नाच्या प्रमाणात रॉयल्टी. ती गोळा करायला एक मध्यवर्ती संस्था आणि दर ठरवायला सरकारी समिती. उद्योगांची संघटना नॅसकॉमने यावर वेगळे मत नोंदवले.

खान्देशच्या माणसाला हे ऐकून १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी आठवावी. खिडकी एक, दर सरकारचा, दुसरीकडे विकायला मनाई. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचे. पण गुजरात आणि मध्य प्रदेशाची सीमा हाकेच्या अंतरावर. पलीकडे भाव चढला की कापूस रात्रीतून निघून जाई. आज ओपनएआय न्यायालयात ‘आमचे सर्व्हर इथे नाहीत’ म्हणते, तीही एक सीमाच आहे.

तरीही हा मसुदा झिडकारून लावणे चुकीचे ठरेल, कारण त्याचा स्पर्धेच्या बाजूने एक मोठा गुण आहे. सौदे खुले ठेवले तर ते थोरामोठ्यांतच होतात. ओपनएआयने अॅक्सेल स्प्रिंगरशी आणि न्यूज कॉर्पशी करार केले, रावेरच्या साप्ताहिकाशी करणार नाही. आणि ज्या कंपनीकडे कोट्यवधी डॉलर आहेत तीच साहित्य विकत घेऊ शकेल, नव्या देशी कंपनीच्या पदरी उरलेसुरले. सक्तीच्या परवान्याने खरेदीदारांची स्पर्धा वाढते. घोटाळा विक्रेत्याच्या बाजूला आहे. एका ढिगात पडलेली रक्कम वाटताना हिंदी चित्रपटसंगीत, इंग्रजी बातम्या आणि अहिराणी गाणे यांना कोणते माप लावणार? मजकुराच्या आकारमानावर वाटणी झाली तर छोट्या बोलीच्या वाट्याला सुटे पैसे येतील. दुर्मीळ साहित्याला यंत्राच्या दृष्टीने जास्त किंमत आहे, हे त्या मापात कुठे दिसणार?

५. आक्षेप

पहिला आक्षेप: न्यायालये कॉपीराइटच्याच बळावर कंपन्यांना वाकवत आहेत, मग स्पर्धा कायद्याची भर कशाला? दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या अँथ्रोपिक या एआय कंपनीवरच्या खटल्याचा. २०२५ मध्ये तिथे दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली, सुमारे पाच लाख पुस्तके, दर पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. आकडा डोळे दिपवणारा खरा. पण त्याच खटल्यात, कंपनीने विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्र शिकवणे न्यायाधीशांनी न्याय्य ठरवले होते. पैसे मोजावे लागले ते चोरट्या संग्रहांतून पुस्तके उतरवल्याबद्दल. आणि वाटा मिळण्यासाठी पुस्तकाची अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंदणी झालेली असणे ही अट होती. जळगावात छापलेल्या मराठी कवितासंग्रहाची अशी नोंदणी कोण करायला गेला होता?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: स्पर्धा कायदा हत्तीसारखा चालतो. आधी चौकशी, मग निकालावर अपील, मग आणखी अपील. हे मान्य करावे लागते. मात्र तो अगदी दात नसलेलाही नाही. याच आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि अपिलात तो कायम राहिला. हक्कधारकाने कॉपीराइटच्या जोरावर केलेली दांडगाईही त्याने पाहिली आहे. रेडिओ केंद्रांवर किमान रकमेची अट लादल्याबद्दल २०१४ मध्ये टी-सिरीजच्या कंपनीला दंड झाला होता. एआयच्या परवान्यांत हेच पुन्हा घडेल तेव्हा तो निकाल आधाराला येईल.

तिसरा आक्षेप बोलीप्रेमींचा: पैशाचे सोडा, अहिराणी यंत्रात गेली तर टिकेल, जाऊ द्या फुकट. यातही तथ्य आहे. जपानने २०१८ मध्ये कायदा बदलून अशा वापराला बरीच मोकळीक दिली ती काही वेडेपणाने नव्हे. धोका आहे तो एकालाच देण्यात. उद्या एखाद्या संग्रहाने किंवा गाण्यांच्या मोठ्या वाहिनीने आपला सगळा ठेवा एकाच कंपनीशी ‘फक्त तुम्हालाच’ असा करार करून दिला, तर मोकळ्या असलेल्या शब्दांवरही व्यवहारात मक्ता तयार होईल. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी गूगल बुक्सची तडजोड फेटाळताना, बेवारस पुस्तकांवर एका कंपनीचा असाच मक्ता होईल ही भीती नोंदवली होती. फुकट द्यायचे तर सर्वांना द्यावे, तेही नावानिशी.

६. छोट्यांनी एकत्र यायचे तर

दूध संघ आणि सूतगिरण्या उभारलेल्या प्रदेशाला एकत्र येऊन भाव मागणे शिकवायला नको. पण इथे कायदाच आडवा येतो. स्पर्धकांनी मिळून दर ठरवणे हे स्पर्धा कायद्याच्या कलम ३ खाली संगनमत मानले जाते. म्हणजे धुळे-जळगावच्या पाच साप्ताहिकांनी आणि दहा गाणेवाल्यांनी मिळून एआय कंपनीला ‘एवढे द्या’ म्हटले तर कागदोपत्री दोषी तेच. कॉपीराइट कायद्याच्या वाटेने संस्था काढावी तर कलम ३३ सांगते की एका प्रकारच्या कृतींसाठी सहसा एकच संस्था नोंदली जाईल, आणि ती मुंबई-दिल्लीची असेल हे वेगळे सांगायला नको.

ऑस्ट्रेलियाने जून २०२१ पासून वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यवसायांना एकत्र सौदा करण्याची सरसकट मुभा दिली, फक्त एक अर्ज भरून द्यायचा. भारताला त्यासाठी नवा कायदाही नको. स्पर्धा कायद्याच्या कलम ५४ नुसार केंद्र सरकार सार्वजनिक हितासाठी एखाद्या वर्गाच्या उद्योगांना अधिसूचना काढून सूट देऊ शकते. छोट्या उलाढालीचे प्रादेशिक प्रकाशक, वाहिन्या आणि लेखक यांना एआय परवान्यांपुरती ती द्यावी, एवढीच मागणी आहे. रॉयल्टीच्या मसुद्यातही बोलीनुसार वेगळा वाटा बांधून घेता येईल. पण तिथे आणखी एक गाठ सुटायची आहे: सरकारी भाषा-योजनांचा गाडा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर चालतो, आणि खान्देशीला जनगणनेने वेगळे मोजले तरी त्या यादीत ती नाही. वाटणीच्या वहीत अहिराणीचे गाणे मराठीच्या खात्यात चढेल की कोणत्याच नाही, हे ती वही तयार होण्याआधी जळगाव आणि धुळ्यातून कोणी तरी विचारायला हवे.